शिपायाचें गुरुपण

लष्करी नोकरींतून निवृत्त झालेल्या मनुष्यानें पुढें काय करावें, हा प्रश्न वरवर पाहतां केवळ पोटापाण्याचा आहे. परंतु त्या मनुष्यानें शाळेंत जाऊन मुलांस कवाईत व शिस्त शिकविण्याचें ठरविलें, कीं तोच प्रश्न नीतीचा होतो. कारण मग त्याच्या उपजीविकेशीं दुसऱ्यांच्या मुलांचें मन गुंतलेलें असतें. शाळांत लष्करी शिक्षण असावें कीं नसावें, हा वाद जुना आहे, आणि त्याच्या दोन्ही बाजूंनीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. आमचा प्रश्न त्याहून आकुंचित, परंतु आमच्या मतें अधिक अवघड आहे. हुकूम देण्यांत व हुकूम पाळण्यांत ज्याचीं वीस-पंचवीस वर्षें गेलीं, त्यानें शाळेच्या दारांतून आंत येतांना बरोबर काय आणावें, आणि बाहेर काय ठेवून यावें?

या विचारास अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांचें उदाहरण घेणें सोयीचें आहे. तेथें १९१६ सालच्या राष्ट्रसंरक्षणाच्या कायद्यान्वयें दुय्यम शाळांतील विद्यार्थ्यांसाठीं ‘ज्युनिअर रिझर्व्ह ऑफिसर्स ट्रेनिंग कोअर’ या नांवाचीं छात्रपथकें निघालीं. आरंभीं शिकविण्याचें काम मुख्यतः चालू नोकरींतील हुद्देदारांकडे असे. १९६४ सालच्या कायद्यानें या पथकांचा विस्तार केला, आरमार व विमानदल यांसही त्यांत जागा दिली, आणि शाळांनीं निवृत्त हुद्देदार नेमावे असा मार्ग खुला केला. १९९२ सालीं पथकांच्या संख्येची मर्यादा १,६०० वरून ३,५०० पर्यंत वाढविण्यांत आली; आज तीन हजारांहून अधिक शाळांत अशीं पथकें आहेत. चौदा ते अठरा वर्षांचे मुलगे व मुली त्यांत येतात. कवाईत, नकाशावाचन, प्रथमोपचार, नागरिकशास्त्र, इतिहास, पुढारीपणाचे धडे, कोठें कोठें हवेच्या बंदुकीनें नेमबाजी, असा त्यांचा अभ्यासक्रम असतो. शिक्षण पुरें झाल्यावर सैन्यांत गेलेंच पाहिजे असें बंधन कोणावरही नसतें. मात्र जो जातो त्यास वरच्या पायरीवरून आरंभ करतां येतो.

या शिक्षकाच्या वेतनाची मूळ व्यवस्थाही ध्यानांत घेण्यासारखी आहे. चालू नोकरींत असतां त्यास जें मिळालें असतें, त्यांतून त्याचें पेन्शन वजा करावें. जी बाकी राहील तितकी रक्कम निदान शाळेनें त्यास द्यावी. आणि तिचा निम्मा भाग सैन्यखात्यानें शाळेस परत करावा. हिशेबाच्या रीतींत पुढें बदल झाले, परंतु त्या व्यवस्थेनें दाखविलेली गोष्ट बदलली नाहीं. या मनुष्याचे धनी दोन आहेत. तो शाळेचा नोकर आहे, आणि अंगावर वर्दी सैन्याची आहे. मुख्याध्यापक त्याचा वरिष्ठ खरा, परंतु ज्या खात्याच्या नियमांनीं तो पात्र ठरतो तें खातें दूर राजधानींत आहे. दोन धन्यांची चाकरी करणारानें आपलें मन कोणाकडे आहे हें स्वतःशीं तरी स्पष्ट ठेविलें पाहिजे.

प्रथम त्याच्या बाजूनें जें बोलण्यासारखें आहे तें मोकळ्या मनानें बोलूं. आमच्या शिक्षकवर्गाविषयीं आम्हांस आदर आहे; तरी सामान्य शिक्षक शाळेंतून महाविद्यालयांत व महाविद्यालयांतून पुन्हा शाळेंत येतो, आणि जगाचा मोठा भाग त्यास पुस्तकांतूनच ठाऊक असतो, हें नाकारतां येणार नाहीं. निवृत्त हुद्देदार मात्र अनेक मुलुख हिंडलेला, नाना जातींच्या व स्वभावांच्या माणसांशीं वागलेला, आणि आपल्या चुकीनें दुसऱ्याचा जीव जाऊं शकतो हें प्रत्यक्ष जाणणारा असतो. अठराव्या वर्षीं भरती झालेला मनुष्य वीस वर्षांची नोकरी करून बाहेर पडतो तेव्हां त्याचें वय चाळिशीच्या आंतबाहेर असतें. म्हणजे अंगांत बळ आहे आणि अनुभवही आला आहे, असा तो काळ. शिवाय चांगल्या हवालदारास एक विद्या येत असते, जी अध्यापनाच्या ग्रंथांत क्वचितच सांपडते. आपल्या हाताखालच्या प्रत्येक माणसाचे बूट कोठें चावतात, कोणास घरून पत्र आलें नाहीं, कोण आज जेवला नाहीं, हें न विचारतां ओळखण्याची ती विद्या होय. ज्या मुलास घरीं बाप नाहीं, किंवा असून नसल्यासारखा आहे, त्या मुलाकडे रोज सकाळीं एक प्रौढ मनुष्य नीट पाहतो, त्याच्या सदऱ्याचें निघालेलें बटण त्याच्या ध्यानांत येतें, तो काल न आल्याचें त्यास आठवतें, ही गोष्ट लहान नव्हे. वर्गांत मागल्या बांकावर बसणारा, खेळांत कोणी न निवडलेला मुलगा कवाईतीच्या रांगेंत उभा राहिला कीं त्यास जागा मिळते. तो नसेल तर रांग अपुरी राहते. आपल्यावांचून कांहीं अडतें, ही जाणीव कित्येक मुलांस आयुष्यांत प्रथम येथेंच होते.

हें सर्व खरें धरूनच आम्ही पुढील शंका मांडतों.

सैन्यांतील हुकुमास जो अधिकार असतो, तो कोठून येतो? तो शपथेंतून येतो. प्रौढ वयाचा मनुष्य विचारपूर्वक, कायद्याच्या साक्षीनें, आपल्या स्वातंत्र्याचा कांहीं भाग कांहीं काळापुरता गहाण ठेवितो. त्याच्या मोबदल्यांत राज्य त्याच्या अन्नवस्त्राची, जखमेची, म्हातारपणाची व मागें राहिलेल्या कुटुंबाची जबाबदारी पतकरतें. या करारावर हुकूम उभा आहे. शाळेंतल्या मुलानें असा करार केलेला नाहीं, आणि त्या वयांत तो करण्याची त्याची पात्रताही नाहीं. तेव्हां शाळेंत दिलेल्या हुकुमास, तो कितीही खड्या आवाजांत दिलेला असो, सैन्यांतल्या हुकुमाचें बळ नसतें. तेथें त्याचें खरें बळ मुलाच्या विश्वासाचें असतें. हा भेद ज्यास कळला नाहीं तो आवाज चढवील, आणि मुलगा भिऊन पाय जुळवील; परंतु शिकला कांहींच नाहीं असें होईल.

दुसरा भेद याहूनही खोल आहे. सैन्य माणसास शिकवितें तें पलटणीसाठीं. एक पडला तर त्याच्या जागीं दुसरा उभा राहावा, हा त्या शिक्षणाचा हेतु असतो, आणि रणांगणावर तो योग्यच आहे. शाळा मुलास शिकविते तें त्या मुलासाठींच. एकाच्या जागीं दुसरा उभा करून तिचें काम भागत नाहीं. सैन्यास न झेपणारा मनुष्य सैन्य परत पाठवितें. शाळेस मात्र न झेपणारें मूल हेंच तिचें मुख्य काम. निवृत्त हुद्देदार शाळेंत येतो तेव्हां या दुसऱ्या भेदाशीं त्याची रोज गांठ पडते. ज्याचा पाय कधींच तालावर पडत नाहीं, अशा मुलाचें काय करावें, याचें उत्तर त्याच्या जुन्या धंद्यांत नाहीं. तें त्यास नव्यानेंच शोधावें लागतें.

मराठींत ‘शिस्त’ या शब्दाचा एक जुना अर्थ नेम असा आहे. बंदूक किंवा बाण लक्ष्यावर रोखणें, यास शिस्त धरणें म्हणत. या अर्थाची आठवण येथें उपयोगी पडेल. नेम म्हटला कीं लक्ष्य आलें, आणि लक्ष्य म्हटलें कीं तें कोणीं ठरविलें हा प्रश्न आला. शिस्त ही स्वतः चांगलीही नाहीं व वाईटही नाहीं. ती कोठें रोखली आहे त्यावर तिचें मोल ठरतें. १९२६ सालीं इटलींत निघालेल्या बालिल्ला संघटनेंतील मुलेंही शिस्तशीर होतीं; त्यांच्या रांगा सरळ होत्या, गणवेश स्वच्छ होते, आणि त्यांच्या देशाचें पुढें काय झालें हें जगास ठाऊक आहे. आपल्याकडील डॉ. मुंजे यांनीं १९३१ सालीं इटलींत जाऊन ती संस्था पाहिली होती; पुढें १९३७ सालीं नाशिक येथें भोंसला मिलिटरी स्कूल निघालें. पारतंत्र्यांतील तरुणांस शस्त्रविद्या यावी, ही तळमळ आम्ही समजूं शकतों. तरी ज्या रांगांचें कौतुक करावयाचें त्या कोणाच्या इच्छेनें चालत आहेत, हें आधीं विचारलें पाहिजे, असें आमचें मत आहे.

या संबंधांत द्रोणाचार्यांची कथा आम्हांस फार बोधप्रद वाटते. एकलव्याच्या अंगठ्याविषयीं सर्वच बोलतात. परंतु शिष्यांचें शिक्षण संपल्यावर द्रोणांनीं गुरुदक्षिणा म्हणून काय मागितलें, याकडे तितकेंसें लक्ष जात नाहीं. द्रुपदानें केलेला जुना अपमान त्यांच्या मनांत सलत होता. त्यांनीं राजपुत्रांस सांगितलें कीं, द्रुपदास बांधून माझ्यापुढें आणा. शिष्यांनीं तें केलें. म्हणजे एवढ्या कुशल शिष्यांनीं मिळविलेल्या विद्येचा पहिला उपयोग गुरूच्या खासगी वैरासाठीं झाला. त्या वैराच्या पोटीं धृष्टद्युम्नाचा जन्म झाला, आणि अखेर त्याच्याच हातून द्रोणांचा वध झाला. शस्त्र शिकविणाऱ्या गुरूच्या मनांत शिष्याच्या हिताहून वेगळें असें एखादें लक्ष्य दडलेलें असलें, तर विद्या कितीही उत्तम असो, तिला कीड लागलेलीच असते.

अमेरिकेंत या छात्रपथकांवर घेतला जाणारा मुख्य आक्षेप नेमका हाच आहे. कायद्याच्या शब्दांत या शिक्षणाचा हेतु नागरिकत्व, देशसेवा व स्वतःची जबाबदारी यांचीं मूल्यें मुलांत रुजविणें हा आहे. आक्षेपक म्हणतात कीं, हे शब्द पडद्यासारखे आहेत. पडद्याआड सैन्यभरतीचें दुकान आहे, आणि तें दुकान विशेषेंकरून गरिबांच्या वस्तींत थाटलेलें आहे. हा आक्षेप सर्वस्वीं खोटा म्हणतां येत नाहीं. शिकागो शहरांतील शाळाखात्याच्या महानिरीक्षकांनीं २०२२ सालीं केलेल्या चौकशींत असें दिसून आलें कीं, शहराच्या दक्षिण व पश्चिम भागांतील कित्येक शाळांत नव्यानें आलेल्या मुलांचीं नांवें आपोआपच या पथकांत घातलीं जात होतीं. जें ऐच्छिक म्हणावयाचें तें असें न विचारतां मुलाच्या माथीं मारलें, म्हणजे मूल्यांच्या गोष्टींस काय अर्थ उरतो? उलट सॅन फ्रान्सिस्को शहराचा अनुभव पाहावा. तेथील शाळामंडळानें २००६ सालीं हीं पथकें बंद करण्याचा ठराव केला. २००८ सालीं नागरिकांचा कौल घेतला असतां तो पथकांच्या बाजूनें पडला. आणि २००९ सालीं मंडळानें आपला ठराव मागें घेतला. म्हणजे ज्यांच्या मुलांविषयीं हा वाद होता, त्यांच्या शहरास हें शिक्षण सर्वस्वीं नकोसें वाटत नव्हतें.

दोन्ही बाजूंचें ऐकून आम्हांस असें वाटतें कीं, हा वाद संस्थेच्या घटनेवरून जितका सुटेल त्याहून अधिक तो शिक्षकाच्या मनावरून सुटेल. त्याच्यासाठीं एक साधी कसोटी आम्ही सुचवितों. त्याच्या हाताखालून गेलेल्या मुलांपैकीं एक सैन्यांत गेला, एक रुग्णालयांत परिचारक झाला, आणि एकानें वर्गांत उभें राहून, सैन्यानें अमुक युद्ध लढावयास नको होतें असें नीट कारणें देऊन सांगितलें. या तिघांचेंही त्यास सारखेंच समाधान वाटलें, तर तो गुरु आहे. पहिल्यासच पाहून त्याची छाती फुगत असेल, तर तो अद्याप भरती-अंमलदार आहे. आणि भरती-अंमलदाराचें काम प्रामाणिक असलें तरी तें शाळेंतलें काम नव्हे. आमच्याकडे सातारा जिल्ह्यांतील अपशिंग्यासारखीं गांवें आहेत, जेथें घरोघरीं शिपाई निपजले व ज्या गांवाच्या नांवास ‘मिलिटरी’ हें उपपद कायमचें चिकटलें. महाराष्ट्रांत ठिकठिकाणीं पेन्शनर जवान सकाळीं उठून तरुणांकडून धांवण्याची व उड्यांची मेहनत करून घेतात, तें उघडपणें भरतीसाठींच. त्यांत आम्हांस कांहींही गैर दिसत नाहीं; कारण शिकणारा वयांत आलेला असतो, आणि लक्ष्य दोघांसही ठाऊक असतें. लक्ष्य लपविण्यांत दोष आहे.

प्राचीन ग्रीसमधील अथेन्स नगराची एक व्यवस्था येथें सांगण्यासारखी आहे. ॲरिस्टॉटलच्या नांवावर चालत आलेल्या अथेन्सच्या राज्यघटनेवरील ग्रंथांत ती वर्णिली आहे. अठरा वर्षांच्या तरुणांस तेथें दोन वर्षें लष्करी शिक्षण घ्यावें लागे. त्या तरुणांचे बाप आपापल्या गणाप्रमाणें एकत्र जमून, शपथ घेऊन, चाळीस वर्षांवरील तीन योग्य माणसें निवडीत, आणि त्या तिघांतून लोकसभा प्रत्येक गणास एक देखरेख करणारा नेमी. त्याच्या पदाचें नांव सोफ्रोनिस्तेस, म्हणजे संयम शिकविणारा. धनुष्य, भाला, ढाल-तलवार व गोफणयंत्र शिकविणारे उस्ताद निराळे असत. या व्यवस्थेंतील दोन गोष्टी आम्हांस शहाणपणाच्या वाटतात. शस्त्र शिकविणें आणि शस्त्र हातीं आल्यावर कसें वागावें हें शिकविणें, हीं दोन कामें त्यांनीं वेगळीं ओळखलीं. आणि दुसऱ्या कामासाठीं माणूस निवडतांना त्यांनीं सेनापतीचें मत विचारलें नाहीं, बापांचें विचारलें. आजच्या निवृत्त हुद्देदारास दोन्ही कामें एकट्यानें करावीं लागतात. तेव्हां आपण बापांच्या विश्वासानें येथें उभे आहों, हें तरी त्यानें विसरूं नये.

या विश्वासाचा भंग कसा होतो, याचेंही उदाहरण दूर नाहीं. २०२२ सालीं अमेरिकेंतील एका प्रमुख वृत्तपत्रानें दाखवून दिलें कीं, मागील पांच वर्षांत या पथकांतील निदान ३३ शिक्षकांवर विद्यार्थ्यांशीं केलेल्या लैंगिक गैरवर्तनाबद्दल फौजदारी आरोप ठेवले गेले होते. हजारों शिक्षकांत ही संख्या थोडी आहे असें कोणी म्हणेल. आमचें लक्ष संख्येकडे नाहीं, कारणाकडे आहे. ज्या मुलीस वर्षभर असें शिकविलें कीं वर्दींतल्या माणसाचा शब्द तात्काळ मानावा, उलट प्रश्न करूं नये, आपल्या पथकाची गोष्ट बाहेर नेऊं नये, त्या मुलीचें तोंड आपण आधींच बांधून ठेविलें. मग दुष्टास फारसें कांहीं करावें लागत नाहीं. म्हणून आमचें असें ठाम मत आहे कीं, जो मुलांस आज्ञापालन शिकवितो त्यानें त्याच दिवशीं, त्याच तासाला, नकार देण्यासही शिकविलें पाहिजे. हें शिकवावयास शिपायाइतका अधिकारी दुसरा कोणी नाहीं. १९४५ सालीं न्यूरेंबर्गच्या न्यायासनाच्या सनदेंत असें लिहिलें गेलें कीं, वरिष्ठाचा हुकूम होता एवढ्या कारणानें गुन्ह्याची जबाबदारी सुटत नाहीं. हें तत्त्व सैनिकांच्याच बाबतींत व अतिशय रक्तपातानंतर ठरलें आहे. कोणता हुकूम पाळावयाचा नसतो, हें जाणणें शिपायाच्या विद्येचाच एक भाग आहे. तो भाग गाळून उरलेलें शाळेंत आणणें म्हणजे विद्येचें अर्धेंच अंग, आणि तेंही धोक्याचें, मुलांपुढें ठेवणें होय. अभिमन्यूस चक्रव्यूहांत शिरतां येत होतें, बाहेर पडतां येत नव्हतें, हें येथें आठवल्यावांचून राहत नाहीं.

शिक्षणानें काय साधतें व काय साधत नाहीं, याविषयींही नम्रता हवी. १४ फेब्रुवारी २०१८ रोजीं फ्लॉरिडा संस्थानांतील पार्कलंड येथील शाळेंत एका तरुणानें गोळीबार करून सतरा जणांचा जीव घेतला. मृतांत त्या शाळेच्या छात्रपथकांतील तीन मुलें होतीं. त्यांपैकीं पंधरा वर्षांचा एक मुलगा, इतरांस बाहेर निघतां यावें म्हणून दार उघडें धरून उभा असतां, मारला गेला. त्याच पथकांतील दुसऱ्या छात्रांनीं नेमबाजीच्या खोलींतील जाड कापडाचे पडदे ओढून अनेकांस आडोसा केला. आणि गोळ्या झाडणारा तरुण? तोही पूर्वीं त्याच पथकांत होता, व तेथेंच नेमबाजी शिकला होता. तीच कवाईत, तीच वर्दी, तेंच शिक्षण. एकास त्यानें दार धरून ठेवण्याचें बळ दिलें. दुसऱ्याच्या मनांतील अंधारास तें शिवूंही शकलें नाहीं. कवाईतीनें चारित्र्य घडतें असें जे छातीठोकपणें सांगतात, आणि कवाईतीनें मुलें हिंसक होतात असें जे तितक्याच छातीठोकपणें सांगतात, त्या दोघांनींही या एका प्रसंगापुढें क्षणभर गप्प बसावें. शिक्षण बळ देतें. तें बळ कोणत्या हृदयांत पडलें, हें शिक्षकास माणूस म्हणून, एकेकाजवळ बसून, पाहावें लागतें. रांगेसमोर उभें राहून तें दिसत नाहीं.

आपल्या देशांत या प्रश्नाचें उत्तर वेगळ्या रीतीनें देण्यांत आलें. पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखालीं १९४६ सालीं नेमलेल्या समितीच्या विचारांतून १९४८ सालीं कायदा होऊन राष्ट्रीय छात्रसेना निघाली. तिच्यांत कवाईत शिकविण्यासाठीं चालू नोकरींतील हवालदार येतात. परंतु शाळेंतील पथकाचा जो सहयोगी अधिकारी, तो त्याच शाळेचा शिक्षक असतो. नागपुराजवळील कामठी येथें त्यास लष्करी शिक्षण देऊन अधिकारपद दिलें जातें. म्हणजे अमेरिकेंत शिपायाचा शिक्षक करतात, आणि आपल्याकडे शिक्षकाचा शिपाई करतात. १९६३ सालीं, चीनच्या आक्रमणानंतर, महाविद्यालयांत ही सेना सक्तीची झाली. पांच वर्षांतच, १९६८ सालीं, ती पुन्हा ऐच्छिक करण्यांत आली. सक्तीनें पथकांची संख्या वाढते, उत्साह वाढत नाहीं, हें त्यांतून दिसलें असें आम्ही समजतों. दोन पद्धतींत आमचा कल आपल्या पद्धतीकडे आहे. कारण मुलांस ओळखणें ही विद्या मिळावयास अधिक काळ लागतो, आणि बंदूक खांद्यावर कशी घ्यावी ही त्या मानानें लवकर येते. परंतु आपल्या पद्धतीचा दोषही आम्हांस दिसतो. आमचा शिक्षक-अधिकारी युद्धाविषयीं जें बोलतो तें ऐकीव असतें. मुलें विचारतात त्या एका प्रश्नाचें उत्तर त्याच्याजवळ नसतें.

तो प्रश्न कोणता, हें प्रत्येक निवृत्त शिपाई जाणतो. पहिल्या आठवड्यांतच एखादें मूल विचारतें: “सर, तुम्हीं कोणास मारलें आहे काय?” आमच्या मतें या मनुष्याच्या सर्व गुरुपणाची परीक्षा या प्रश्नाच्या उत्तरांत आहे. तो हंसून टाळील, तर मुलें समजतील कीं ही गंमतीची गोष्ट आहे. तो रसभरित वर्णन करील, तर त्यानें आपल्या भूतकाळास मुलांच्या डोळ्यांतील चमक विकली. तो रागावेल, तर विचारणें हाच गुन्हा असें मुलें शिकतील. योग्य उत्तर कोणतें हें बाहेरच्यानें सांगणें धाडसाचें आहे; तरी एवढें म्हणतां येईल कीं तें थोडक्यांत असावें, खरें असावें, आणि तें ऐकल्यावर मुलास युद्धाची भूक लागूं नये, व शिपायाची किंवही येऊं नये. जें सांगण्यासारखें नाहीं तें सांगण्यासारखें नाहीं म्हणून सांगणें, हेंही खरें उत्तर आहे. ज्यानें मरण जवळून पाहिलें, त्याच्या तोंडून मुलांस जीविताची किंमत कळावी. हें जर साधत असेल, तर केवळ त्यासाठींही निवृत्त शिपायास शाळेंत जागा असावी.

शेवटीं त्याच्या स्वतःच्या मनाविषयीं दोन शब्द. वीस वर्षें ज्यास रस्त्यानें जातांना सलाम मिळत होते, त्यास निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशीं बाजारांत कोणी ओळखीत नाहीं. हुद्दा गेला, सोबती पांगले, पहांटे उठण्याचें कारण उरलें नाहीं. अशा वेळीं शाळेंतील नोकरी त्याच्यापुढें येते. तेथें वर्दी आहे, रांग आहे, सलाम आहे. या मोहाबद्दल आम्ही त्यास दोष देत नाहीं. पोकळी कोणास सोसते? परंतु आपली पोकळी भरण्यासाठीं मुलांचा उपयोग करणें, हें द्रुपदाच्या वैरासाठीं राजपुत्रांस राबविण्याहून फारसें निराळें नाहीं. आपल्या पूर्वजांनीं आयुष्याच्या तिसऱ्या भागास वानप्रस्थ म्हटलें. त्यांत मनुष्य जग सोडीत नाहीं, सत्ता सोडतो. हातांतलें दुसऱ्याच्या हातीं देतो. निवृत्त हुद्देदारानें शाळेकडे पाहावें तें या दृष्टीनें. तेथें त्याचा हुद्दा पुन्हा सुरू होत नाहीं; त्याच्या हुद्द्याचें जें सार, तें तेथें वांटून संपवावयाचें असतें.

तर मग दारांतून आंत काय यावें? वेळेचा काटेकोरपणा, स्वच्छ वागणूक, दुर्बळास मागें न टाकण्याची संवय, दिलेला शब्द, आणि मरणाविषयींचें गांभीर्य. बाहेर काय राहावें? शपथेवांचून चालविलेला हुकूम, न झेपणाऱ्यास परत पाठविण्याची मुभा, मनांतलें गुप्त लक्ष्य, आणि सलामाची भूक. ही वांटणी कागदावर सोपी आहे. प्रत्यक्षांत ती रोज सकाळीं नव्यानें करावी लागेल, आणि कोणी निरीक्षक ती तपासूं शकणार नाहीं. ज्यास ती साधेल त्याच्या मुलांपैकीं किती शिपाई झाले, हें मोजण्याचें कारण आम्हांस वाटत नाहीं. तीं मुलें मोठीं होऊन कोणाचा हुकूम मानावयाचा व कोणाचा नाहीं, हें स्वतः ठरवूं शकलीं, म्हणजे त्याचें गुरुपण फळास आलें असें आम्ही समजूं.